निरोग्याने साखर मोजावी काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला आलेल्या पाहुणीने मंडळाच्या कार्याची स्तुती करावी, चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि फराळाची वेळ होण्याच्या आत खाली बसावे, अशी आपल्याकडची रीत आहे. स्तुती करण्याचे काम तुमच्या अहवालाने माझ्याहून चांगले केले आहे. उपदेशाचा विषय मात्र चिटणीसबाईंनीच नेमून दिला. त्या म्हणाल्या, "आमच्या पुष्कळ सभासदांच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र आले आहे. ते आणलेले असते सासूबाईंसाठी नाहीतर यजमानांसाठी. पण हल्ली ज्यांना मधुमेह नाही त्याही बोट पुढे करू लागल्या आहेत. कोणी आकडा पाहून घाबरते, कोणी निश्चिंत होते. हे बरे की वाईट, तेवढे सांगा." प्रयोगशाळेत रक्त तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हा विषय मी आनंदाने घेतला.

उत्तर आधी सांगून टाकते, म्हणजे मागे बसलेल्यांना शेवटपर्यंत ताटकळत राहावे लागणार नाही. निरोगी बाईने कधी काळी साखर मोजली म्हणून काही आकाश कोसळत नाही. परंतु त्या आकड्याने तिला मधुमेह आहे असे ठरत नाही, आणि नाही असेही ठरत नाही. ते ठरते प्रयोगशाळेत. घरी शंभर वेळा बोट टोचण्यापेक्षा एकदा नीट केलेली तपासणी अधिक मोलाची, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. आता ते का, ते पाहू.

प्रथम हे यंत्र कोणासाठी निघाले ते समजून घेतले पाहिजे. १९६५ साली अमेरिकेत रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी बाजारात आली. पट्टीवर थेंब ठेवावयाचा, एक मिनिट थांबावयाचे, पाण्याने पट्टी धुवावयाची आणि तिचा रंग तक्त्यावरच्या रंगांशी ताडून पाहावयाचा, असा तो प्रकार होता. पुढे १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारे यंत्र आले. ते किलोभराहून जड होते आणि डॉक्टर व इस्पितळे यांनाच विकले जाई. रिचर्ड बर्नस्टीन या अभियंत्याला बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. त्याला ते यंत्र मिळेना, तेव्हा डॉक्टर असलेल्या त्याच्या पत्नीने ते आपल्या नावावर मागविले. दिवसातून अनेकदा साखर मोजून इन्सुलिनची मात्रा आणि जेवण यांचा मेळ त्याने घरच्या घरी बसविला, प्रकृती सावरली, आणि पुढे प्रौढ वयात तो स्वतःच डॉक्टर झाला. मधुमेह्याच्या हाती हे यंत्र यावे यासाठी जी माणसे झटली, त्यांत त्याचे नाव घेतले जाते.

या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात घ्या. बर्नस्टीनला आकडा दिसला की पुढे काय करावयाचे ते ठरलेले असे. साखर वाढली तर इन्सुलिन, उतरली तर साखर खावयाची. मोजण्यामागे कृती होती. जो इन्सुलिन घेतो, त्याला हे यंत्र म्हणजे अंधारात हाती आलेला कंदील आहे, आणि त्याच्या पट्ट्यांच्या खर्चात कोणी काटकसर करू नये. इन्सुलिन न घेणाऱ्या मधुमेह्यांची गोष्टदेखील निराळी आहे. अशा ४५० रोग्यांची अमेरिकेत वर्षभर पाहणी झाली आणि २०१७ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज घरी साखर मोजणारे आणि न मोजणारे यांच्या तीन महिन्यांच्या साखरेत वर्षअखेर म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मधुमेह्यांची ही स्थिती, मग ज्याला रोगच नाही त्याने रोज बोट टोचून काय मिळवावयाचे?

आता यंत्र किती खरे बोलते ते पाहू. पट्टीच्या टोकावर एक एन्झाइम, म्हणजे विकर, लावलेले असते. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो मोजून यंत्र आकडा दाखविते. युक्ती सुंदर आहे. पण तिला मर्यादा आहेत. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने यंत्राला जी सूट दिली आहे ती अशी : शंभरांतले पंचाण्णव आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या जवळ असावेत, जवळ म्हणजे साखर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत, आणि १०० किंवा वर असेल तर १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे प्रयोगशाळेत जी साखर १०० भरेल, तिला यंत्राने ८५ म्हटले काय किंवा ११५ म्हटले काय, ते परीक्षेत उत्तीर्णच! उरलेल्या पाचांचा तर प्रश्नच वेगळा.

मधुमेह्याला एवढा फरक फारसा बाधत नाही. २५० च्या जागी यंत्राने २३० दाखविले तरी साखर वाढली आहे हे कळतेच. निरोग्याचे मात्र सगळे गणितच या फरकात बुडून जाते. उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली म्हणजे ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, अशी हल्ली पुष्कळ ठिकाणी मोजणी धरतात. उंबरठ्याची रुंदी सारी सव्वीस मिलिग्रॅम, आणि यंत्राची चूक दोन्ही बाजूंना मिळून तीस! कांदे-बटाटे तोलण्याच्या काट्यावर मंगळसूत्राचे सोने जोखावे, तसे हे होते. काटा वाईट नव्हे. पण तो सोन्यासाठी केलेला नाही.

याशिवाय आपल्या घरातल्या आणखी चार गोष्टी आकडा बिघडवितात. पहिली, अंगात रक्त कमी असणे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी असल्या की पुष्कळशी यंत्रे साखर असते त्याहून अधिक दाखवितात. म्हणजे बिचारीला हवे असते लोह, आणि ती सोडते भात!

दुसरी गोष्ट हाताची. जपानात एक गमतीदार प्रयोग झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्या माणसांना संत्रे, द्राक्षे, किवी अशी फळे सोलावयास दिली आणि मग त्याच बोटांची साखर मोजली. हात न धुता मोजली तेव्हा आकडा भलताच चढला. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही पूर्ण काम भागेना. नळाखाली हात धुतले, तेव्हा मात्र आकडा ठिकाणावर आला. आंबे चिरता चिरता, लाडू वळता वळता ज्या भगिनी "बघू या माझी किती येते" म्हणून बोट पुढे करतात, त्यांनी हे विसरू नये. त्यांच्या रक्तातली नव्हे, तर बोटावरची साखर मोजली जाते.

तिसरी गोष्ट पट्ट्यांची. डबीचे झाकण उघडे राहिले, की पावसाळ्याच्या दमट हवेने पट्ट्या नासतात, विशेषतः आपल्या कोकणपट्टीत. मुदत उलटून गेलेल्या पट्ट्या "अजून चांगल्या दिसतात" म्हणून वापरणे हीही आपली जुनी सवय. चौथी गोष्ट म्हणजे थेंब नीट येत नाही म्हणून बोट पिळपिळून काढणे. त्यात रक्ताबरोबर अंगातले दुसरे पाणीही उतरते.

बरे, यंत्र अगदी बरोबर आहे, हात धुतलेले आहेत, पट्टी नवी आहे, असे समजू. तरी निरोगी माणसाची साखर दिवसभर एका जागी उभी असते काय? मुळीच नाही. आपल्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्या सगळ्यात मिळून साखर असते अवघी पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. पानातल्या भाताच्या एका मुदीतून याच्या कितीतरी पट साखर पोटात जाते. ती सगळी एकदम रक्तात साठली असती तर अनर्थ झाला असता. परंतु स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, यकृत आणि स्नायू साखर उचलून ठेवतात, आणि रात्री उपाशी झोपल्यावर तेच यकृत साठ्यातली साखर थोडी थोडी बाहेर काढून देते. एखादी दक्ष गृहिणी कोठीघर सांभाळते तसा हा कारभार चालतो. जेवणानंतर साखर थोडी चढणे आणि मग उतरणे, हे तो कारभार नीट चालल्याचे लक्षण आहे.

हल्ली दंडावर चिकटवून दिवसरात्र साखर टिपणारी यंत्रेही निघाली आहेत. २०२४ साली अमेरिकेत त्यांतले एक डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकावयास परवानगी मिळाली. अशी यंत्रे मधुमेह नसलेल्या १५३ निरोगी माणसांच्या अंगावर लावून तेथे एक पाहणी झाली होती. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत सात वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सारे होते. त्यांची सरासरी साखर ९९ च्या आसपास निघाली. पण सर्वसाधारणपणे दिवसातला सुमारे अर्धा तास ती १४० च्या वर होती आणि सुमारे पाव तास ७० च्या खाली. ही सारी धडधाकट माणसे बरे का! तेव्हा पुरणपोळी खाल्ल्यावर पाऊण तासाने १४८ आकडा आला म्हणून वन्संनी रात्रभर जागून काढण्याचे कारण नाही. शिवाय जेवणानंतर बोटाच्या टोकाच्या रक्तात साखर ही शिरेतल्या रक्तापेक्षा अधिकच असते. कारण ते रक्त अजून शरीराला साखर वाटून परत आलेले नसते. प्रयोगशाळेचे आकडे शिरेतल्या रक्ताचे. दोहोंची तुलना सरळ करता येत नाही.

अशा एकेका आकड्यावरून अन्नाला चांगले-वाईट ठरविण्याची एक नवीच खोड लागू पाहत आहे. केळे खाल्ले, आकडा चढला, केळे बंद. भात खाल्ला, भात बंद. आंब्याचे तर नावच काढावयाचे नाही. परंतु तोच भात आज जेवून तुम्ही चार घरे हिंडून आलात तर एक आकडा येईल. उद्या रात्रभर जागरण करून, ताप अंगात असताना खाल्लात तर दुसरा येईल. एका आकड्यावरून भाताला दोष देणे म्हणजे एका दिवसाच्या वागण्यावरून सुनेची परीक्षा करण्यासारखे आहे. आणि ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिने भीतीपोटी फळ सोडले, डाळ-भात सोडला, तर तिची शक्ती कोठून यावी?

उलट्या बाजूचीही भीती असते. उपासाच्या दिवशी दुपारी यंत्राने ६८ दाखविले, की घरात धावपळ. निरोगी बाईची साखर उपाशीपोटी एवढी उतरू शकते. एवढ्यावरून तो रोग ठरत नाही. मधुमेह नसलेल्या माणसात साखर खरोखर रोगापायी उतरते असे म्हणावयास डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतात : घाम, कंप, भोवळ, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे असावीत; नेमक्या त्याच वेळी प्रयोगशाळेच्या मोजणीत साखर साधारण ५५ च्या खाली असावी; आणि साखर दिल्याबरोबर लक्षणे जावीत. तिन्ही जुळत असतील तर मात्र अंगावर काढू नये, डॉक्टरांकडे जावे.

येथवर मी भीतीविषयी बोलले. परंतु भगिनींनो, मला अधिक काळजी वाटते ती निश्चिंतपणाची. घाबरलेली बाई निदान डॉक्टरांकडे तरी जाते. जिला यंत्राने सकाळी ९६ दाखविले, ती म्हणते, "मला काही नाही," आणि पुढे पाच वर्षे कोणाकडेच जात नाही. पुष्कळांत उपाशीपोटीची साखर बरीच वर्षे ठीक राहते आणि खाण्यानंतरची आधी बिघडते. अशा बाईला सकाळचा आकडा गोड बोलून फसवितो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी शेकडा ११.४ मधुमेही आणि शेकडा १५.३ उंबरठ्यावरचे आढळले. म्हणजे सुमारे दहा कोटी माणसे रोगी आणि साडेतेरा कोटींच्या वर उंबरठ्यावर. या सभागृहात आपण किती जणी आहोत ते पाहा आणि हिशेब मनातल्या मनात करा.

आपल्या घरांतून असे दिसते की सासऱ्यांची साखर सूनबाई मोजते, यजमानांच्या गोळ्यांची वेळ तीच सांभाळते, मुलांच्या लसींच्या तारखा तिलाच पाठ असतात. स्वतःच्या तपासणीचे नाव काढले की मात्र सकाळी उपाशी कसे राहावे, डबे कोणी करावेत, प्रयोगशाळेत दोन तास कोणी बसावे, अशा अडचणी उभ्या राहतात. मग घरातले यंत्र सोईचे वाटते. सासूबाईंचे मोजता मोजता स्वतःचेही एक बोट टोचले की तपासणी झाल्याचे समाधान! यंत्राचा खरा अपाय मला येथे दिसतो. ते तपासणीची जागा घेते आणि तपासणी मात्र होत नाही.

खरी तपासणी कोणती, तर तीन प्रकारची. पहिली, रात्रभर, निदान आठ तास, काही न खाता सकाळी शिरेतून घेतलेल्या रक्ताची. तिचे आकडे वर सांगितलेच. दुसरी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी करावयाची. १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ उंबरठा, २०० पासून पुढे मधुमेह. तिसरी एचबीएवनसी, जिला आपण तीन महिन्यांची साखर म्हणतो, ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. या तिसरीला उपाशी राहावे लागत नाही. पण अंगात लोह कमी असेल तर तिचा आकडा खोटा चढू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही बरोबर पाहून घ्यावे. आणि लक्षणे काहीच नसतील तर एकाच वेळच्या एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारीत नाहीत. दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात.

आता तुम्ही विचाराल, प्रत्येकीनेच ही तपासणी करावी काय? कोणी अगत्याने करावी हे ओळखण्यासाठी बोटातून रक्त काढण्याची गरज नाही. तुमच्या शिवणाच्या डब्यात जी मापाची टेप आहे ती पुरे. मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, डॉ. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली भारतीयांसाठी एक सोपी गुणपत्रिका तयार केली. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

वय ३५ च्या आत असेल तर शून्य गुण, ३५ ते ४९ ला वीस, ५० पासून पुढे तीस. कंबर, बायकांसाठी : ८० सेंटिमीटरच्या आत शून्य, ८० ते ८९ ला दहा, ९० पासून पुढे वीस. टेप सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी, आणि श्वास ओढून पोट आत घेऊ नये. परीक्षक आपणच आहोत, फसवावयाचे कोणाला? नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असेल तर शून्य, दोहोंपैकी एकच असेल तर वीस, दोन्ही नसेल आणि बैठे काम असेल तर तीस. आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह नसेल तर शून्य, एकाला असेल तर दहा, दोघांना असेल तर वीस.

समजा, एखादी बाई ४२ वर्षांची आहे, तिचे वीस. कंबर ८६, तिचे दहा. कचेरीत बैठी नोकरी, व्यायाम नाही, त्याचे तीस. आईला मधुमेह, त्याचे दहा. बेरीज झाली सत्तर. परीक्षेत सत्तर मिळाले तर आपण पेढे वाटतो. येथे मात्र साठ किंवा अधिक गुण म्हणजे धोका मोठा, आणि त्या बाईने येत्या आठवड्यातच प्रयोगशाळा गाठावी. मग घरच्या यंत्राने काल काय सांगितले होते ते विसरून जावे. ज्यांना खर्चाची अडचण असेल त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करावी. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची प्राथमिक तपासणी तेथे होते.

आणि तपासणीत उंबरठा निघाला तर खचून जाऊ नये. चेन्नईलाच उंबरठ्यावरच्या माणसांवर जो प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, ज्यांनी नेहमीचाच क्रम चालू ठेवला त्यांच्यापैकी शेकडा ५५ जण मधुमेही झाले. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालावयास आणि खाण्यात साखर, तेल-तूप, मैदा आवरावयास शिकविले, त्यांच्यापैकी शेकडा ३९. हा फरक औषधावाचून पडला. उंबरठा म्हटला की तेथून आतही जाता येते आणि मागेही फिरता येते.

एका जागी मात्र हे छोटे यंत्र मधुमेह नसलेल्या बाईच्याही खरोखर उपयोगी पडते; ते म्हणजे गरोदरपण. आपल्या देशातील सरकारी नियमाप्रमाणे गरोदर बाईची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ व्या आठवड्यात करावयाची असते. ती जेवलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी साखर पाहतात. १४० किंवा अधिक आली तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार सुरू करतात. हे काम योग्य प्रमाणावर बसविलेल्या ग्लुकोमीटरनेही करण्याची मुभा आहे. येथे यंत्र का चालते? कारण प्रश्न ठरलेला आहे, ग्लुकोजची मात्रा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, आणि उत्तर आल्यावर पुढे काय करावयाचे ते जाणणारे माणूस समोर आहे. घरी गंमत म्हणून मोजताना यांतले काहीच नसते. ज्यांना गरोदरपणी हा त्रास झाला असेल त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढेही नियमाने प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. बाळाच्या कौतुकात हे हमखास राहून जाते. सासूबाईंनी आणि आईनेच त्याची आठवण ठेवावी.

आता शेवटची आणि तातडीची गोष्ट. एका घरात एक यंत्र आणि एकच टोचणीचे पेन. पाहुणे आले की हौसेने सर्वांची बोटे टोचावयाची, हा प्रकार अगदी बंद झाला पाहिजे. कावीळ ब या रोगाचे विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या डागातही शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतात. टोचण्याचे पेन वाटून वापरल्याने या रोगाचा फैलाव झाल्याच्या घटना अमेरिकेत वृद्धांच्या निवासांत नोंदल्या गेल्या आहेत. सुई बदलली तरी पेनाच्या तोंडाला रक्त लागलेले असू शकते. म्हणून सुईच नव्हे, पेनही दुसऱ्याचे वापरू नये. आपण एकमेकींचे हळदीकुंकू घ्यावे, टोचणी नव्हे! मंडळाने शिबिर भरविलेच तर प्रत्येकीला एकदाच वापरता येईल अशी स्वतंत्र टोचणी असावी, आणि काम शिकलेल्या माणसाच्या हाती असावे. वापरलेल्या सुया कचऱ्यात सुट्या टाकू नयेत. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भराव्यात, झाकण घट्ट लावावे, वर "सुया" असे ठळक लिहावे आणि घंटागाडीवर वेगळ्या द्याव्यात. आपला कचरा हाताने निवडणारी बाईही कोणाची आई आहे.

मग निरोग्याने यंत्राला हातच लावू नये काय? असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी सांगितले असेल, स्टेरॉइडसारखे साखर वाढविणारे औषध चालू असेल, तर जरूर मोजावे. तहान फार लागते, लघवीला वरचेवर जावे लागते, वजन विनाकारण उतरते, जखम लवकर भरत नाही, गुप्त जागी वारंवार खाज येते, अशी लक्षणे असतील तर आकडा पाहावा. पण आकडा काहीही येवो, डॉक्टरांकडे जावेच. २०० च्या वर आला तर त्याच दिवशी जावे. सासूबाईंचे यंत्र शिकून घेण्यासाठी एकदा स्वतःवर मोजून पाहिले तर तेही चालेल. नवीन सुई, नवीन पट्टी आणि सासूबाईंचे नव्हे तर आपले स्वतःचे पेन घेऊन. एरवी एका पट्टीला जे पंधरा-वीस रुपये पडतात, त्यांची पालेभाजी आणावी.

अध्यक्षबाई, माझी मंडळाला एक सूचना आहे. येत्या महिन्याच्या सभेत भजनापूर्वी अर्धा तास काढावा, एक टेप आणि एक वही ठेवावी, आणि प्रत्येक सभासदाने आपले गुण आपणच मांडावेत. गुण दुसरीला दाखविण्याची सक्ती नको. ज्यांचे साठ किंवा अधिक होतील त्यांनी दोघी-दोघींनी मिळून प्रयोगशाळेत जावे. एकटीला घरून निघणे जड जाते. मैत्रीण दारात येऊन उभी राहिली की डबे, पाणी, पाहुणे सगळे आपोआप मार्गी लागते. मंडळ म्हणजे तरी दुसरे काय?